असेंब्लीतलं फर्मवेअर सी भाषेत आणताना: कोणतं काम आधी, कोणतं शेवटी

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये भरलेला प्रोग्राम, आणि असेंब्ली म्हणजे चिपला एकेक सूचना देणारी भाषा. ती सोडून सीमध्ये येण्याबद्दल मला येणारे फोन बहुतेक एकाच टप्प्यावरचे असतात. दीड-दोन महिने काम झालेलं असतं, सी फाइल बिनतक्रार कंपाइल होते, डिस्प्लेवर आकडे दिसतात, आणि तरी यंत्र दिवसातून दोनदा वेड्यासारखं वागतं. जुनी असेंब्ली एका खिडकीत, नवी सी दुसऱ्या खिडकीत, आणि माणूस ओळीला ओळ लावत बसलेला. चूक त्या ओळींत क्वचितच असते. चूक पहिल्या दिवशीच झालेली असते: तयारी न करता थेट सी लिहायला घेतलेलं असतं.

खालचा क्रम एका ठरावीक उदाहरणावर लिहिला आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा: ८०५१ घराण्यातली एटी८९एस५२ चिप, ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, लोडसेलसाठी (वजनाचा विजेचा संकेत देणारा भाग) एचएक्स७११ ही संकेताचा आकडा करणारी चिप, कॅलिब्रेशन साठवायला २४सी०२ ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), सहा आकडी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, आणि कॉम्प्युटरला वजन पाठवायला आरएस२३२ सिरियल पोर्ट. भोसरीपासून शिरोलीपर्यंतच्या लहान कारखान्यांत असं काहीतरी टेबलावर पडलेलं सापडतंच. कंपायलर (सी कोडचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) केल कंपनीचा सी५१ धरला आहे, एसडीसीसी हा दुसरा कंपायलर वेगळं वागतो तिथे तसं सांगितलं आहे. तुमची चिप वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## ०. हात लावण्याआधी

गेल्या पाच वर्षांत ज्या कोडमध्ये एक ओळही बदललेली नाही आणि पुढेही बदलायची नाही, ते तसंच राहू द्या. सी भाषेत आणण्याचा फायदा बदलांच्या वेळी मिळतो. दर दिवाळीला कुणीतरी नवा प्रिंट फॉरमॅट मागतो आणि तो बदल करू शकणारा एकच माणूस कंपनीत आहे, तोही निवृत्तीला आलेला, असं असेल तर कामाला लागा. आणि तो माणूस रोज येतोय तोवरच लागा.

दोन गोष्टी आजच तपासा. पहिली, जागा. तेच काम करणारा सी कोड मोठा होतो. ४ केबीच्या चिपमध्ये असेंब्लीनेच ३.८ केबी व्यापले असतील तर आधी ८ केबीच्या, त्याच पिनांच्या चिपवर जुनं फर्मवेअर चालवून दाखवा आणि मगच पुढे जा. केलची फुकट आवृत्ती २ केबी कोडपर्यंतच चालते, एसडीसीसीला ती मर्यादा नाही.

दुसरी, कायदा. व्यापारी देवघेवीत वापरला जाणारा काटा वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ खाली येतो. मॉडेलची मान्यता आणि पडताळणीचा शिक्का हे तुमच्या फर्मवेअरसकट यंत्राला मिळालेले असतात. वजन मोजणारा भाग बदलला तर काय करावं लागेल, हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा. माल तयार झाल्यावर विचारलं तर उत्तर महाग पडतं.

## १. जुनी हेक्स फाइल पुन्हा तयार करून दाखवा

फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२', 'फायनल नवीन' आणि 'फायनल साहेबांसाठी' अशा चार फाइली असतात. यातली कोणती बाजारात गेली, हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही. म्हणून आधी सिद्ध करा.

प्रॉडक्शनमध्ये चिपमध्ये भरली जाते ती हेक्स फाइल (कोडचे बाइट मजकुराच्या रूपात लिहिलेली फाइल) घ्या. सोर्स असेंबल करून स्वतःची हेक्स बनवा. दोन्हींचं बायनरीत रूपांतर करा आणि बाइट अन् बाइट जुळवा. हेक्स फाइली थेट जुळवू नका: तोच कोड असला तरी ओळी वेगळ्या ठिकाणी तोडलेल्या असू शकतात. चिपमधून परत वाचायचा विचार असेल तर लॉक बिट लावलेले असल्यास वाचता येणार नाही, हे लक्षात असू द्या.

दहा-बारा बाइट जुळत नसतील तर ते नेमके कुठले आहेत ते शोधा. कुणीतरी घाईत थेट हेक्समध्ये कंपनीचं नाव किंवा एखादा स्थिरांक बदललेला असतो. तो बदल सोर्समध्ये आणा.

तपासणी: दोन्ही बायनरी शंभर टक्के सारख्या. सोर्स, हेक्स आणि असेंबलरची आवृत्ती गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) पहिली नोंद म्हणून गेली. हे होईपर्यंत पुढचं पान उलटू नका.

## २. यंत्र कसं वागतं ते लिहून काढा

कोड कसा लिहिला आहे ते बाजूला ठेवा, यंत्र काय करतं ते लिहा. आधी टेबलावर यंत्र ठेवून लिहायचं आणि नंतर कोड वाचून ताडायचं. उलट केलं तर कोडचंच भाषांतर वहीत उतरतं.

वहीत काय हवं, याचा नमुना:

- वजन आकड्यात बदलताना शेवटचा अंक तोडला जातो की जवळच्या अंकावर नेला जातो? ऋण वजनाला काय होतं?
- टेअरचं (रिकाम्या डब्याचं वजन वजा करणारं) बटण वजन हलत असताना दाबलं तर? धरून ठेवलं तर? दोन बटणं एकदम दाबली तर?
- क्षमतेपेक्षा जास्त वजन ठेवलं की नेमक्या कितव्या ग्रॅमला डिस्प्लेवर रेघा येतात?
- सिरियलवरून येणाऱ्या ओळीत किती बाइट आहेत, मोकळ्या जागा किती, ऋण चिन्ह कुठे, शेवटी कॅरिज रिटर्न एकटा आहे की लाइन फीडही आहे (दोन्ही ओळ संपल्याच्या खुणेचे बाइट)?
- वीज जाऊन आली की काय आठवतं, काय विसरतं?

सिरियलच्या प्रश्नावर मी स्वतः फटका खाल्लेला आहे. जुना कोड ओळीच्या शेवटी फक्त कॅरिज रिटर्न पाठवत होता. मला ते अर्धवट वाटलं, मी 'व्यवस्थित' केलं आणि लाइन फीड जोडला. कारखान्यातल्या टर्मिनलवर सुंदर दिसलं. एका दूध संकलन केंद्रावर मात्र कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर दोन्हींपैकी कोणताही बाइट आला की ओळ संपली असं धरत होतं. दर वजनामागे एक रिकामी नोंद, पहाटे साडेपाचला, बाहेर किटल्या घेऊन रांग उभी. एका बाइटची किंमत मला त्या दिवशी कळली.

वागण्यातल्या ज्या गोष्टी तुम्हाला चुका वाटतात त्यांची वेगळी यादी करा. त्या आत्ता दुरुस्त करायच्या नाहीत. नवा कोड आधी जुन्यासारखाच, त्याच्या चुकांसकट वागला पाहिजे. भाषा आणि वागणूक एकाच वेळी बदलली की फरक दिसल्यावर तो कशामुळे आला ते सांगता येत नाही.

## ३. पुराव्याच्या नोंदी साठवा

आता ती वही मशीनला तपासता येईल अशा रूपात आणायची. एचएक्स७११ कडून येणारे कच्चे आकडे सिरियलवर टाकणारं एक तात्पुरतं फर्मवेअर बनवा आणि खऱ्या वजनांवर नोंदी घ्या: शून्य, शून्याच्या आसपास, अर्धी क्षमता, पूर्ण क्षमता, जास्तीचं वजन, तबकडी उचललेली, लोडसेलची वायर काढलेली. प्रत्येक कच्च्या आकड्यासमोर जुना कोड डिस्प्लेवर आणि सिरियलवर काय देतो ते लिहा. हजारो आकड्यांसाठी हे हाताने होणार नाही, म्हणून जुना कोड सिम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर चिपची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवा. केलचा स्वतःचा सिम्युलेटर आहे, एसडीसीसीबरोबर येणारा यूसीसिमही चालतो. कच्चा आकडा रॅममध्ये टाकायचा, गणिताचं सबरूटीन (असेंब्लीतलं फंक्शन) चालवायचं, उत्तर उचलायचं.

लोक बहुधा मधलेच आकडे घेतात. जिथे पायरी बदलते ते आकडे घ्या: ४.९९५ वरून ५.००० होतं त्याच्या एक मागचा आणि एक पुढचा.

## ४. मेमरीचा नकाशा लिंकरला कळू द्या

ही पायरी सर्वात जास्त वगळली जाते, आणि सर्वात विचित्र दोष इथूनच येतात.

जुन्या असेंब्लीत व्हेरिएबल म्हणजे वर दिलेला एक पत्ता असतो: टेअर म्हणजे ३० हेक्स, एवढंच. असेंबलरच्या लेखी तो निव्वळ आकडा आहे. ती जागा कुणाची तरी आहे, हे लिंकरला (कोडचे तुकडे जोडून पत्ते ठरवणारा प्रोग्राम) माहीत नसतं. तुम्ही पहिली सी फाइल जोडली की लिंकर तिची व्हेरिएबल्स मोकळ्या दिसणाऱ्या जागी ठेवतो, आणि मोकळी दिसणारी जागा टेअरचीच असते. मग डिस्प्लेचा फॉरमॅट बदलला की टेअर हलतो.

म्हणून असे सगळे पत्ते डेटा सेगमेंटमध्ये जागा राखून लिहा. केलच्या असेंबलरमध्ये ठरावीक पत्त्यावर सेगमेंट सुरू करून आत बाइट राखता येतात. २० ते २एफ हेक्स या १६ बाइटमधल्या बिट फ्लॅगसाठी बिट सेगमेंट वापरा. रजिस्टर (चिपमधल्या हाताशी असलेल्या जागा) बँका कोणत्या वापरात आहेत तेही लिहा: चार बँका, प्रत्येकी आठ रजिस्टरं, पत्ते शून्य ते १एफ. स्टॅक म्हणजे परतीचे पत्ते आणि पुश केलेल्या किमती ठेवायची रॅममधली जागा. रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर ०७ वर असतो, म्हणजे पहिला पुश बँक १ च्या आर० वरच पडतो. जुना कोड सुरुवातीला स्टॅक हलवतो का, आणि कुठे, ते पाहा.

तपासणी: पत्ते बदलले नाहीत, फक्त घोषणा बदलली. म्हणून बायनरी अजूनही पायरी १ मधल्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. लिंकरच्या मॅप फाइलमध्ये तुमचं प्रत्येक व्हेरिएबल नावानिशी दिसलं पाहिजे.

## ५. युक्त्यांची शिकार

आता कोड वाचा, पेन्सिल घेऊन. असेंब्ली लिहिणाऱ्याने बाइट वाचवायला केलेल्या युक्त्या सीमध्ये थेट येत नाहीत. यातल्या पाच मला जवळपास प्रत्येक जुन्या फाइलमध्ये सापडल्या आहेत.

दोन दारांचं सबरूटीन. वरच्या लेबलवरून आलात तर स्क्रीन पुसून मग आकडे छापतो, खालच्या लेबलवरून आलात तर नुसते छापतो. सीमध्ये ही दोन फंक्शन्स होतात.

कॅरीमधून येणारं उत्तर. 'चूक झाली' हे कॅरी बिटमधून (बेरजेतला हातचा ठेवणारा बिट) कळवलं जातं आणि कॉल करणारा पुढच्याच ओळीत ते पाहतो. मध्ये एखादी बेरीज घुसली की उत्तर गेलं.

स्टॅकवरून परतीचा पत्ता उचलून फेकणं. मेनूत खोलवर असताना एस्केप दाबलं की दोन पॉप करून थेट मुख्य लूपमध्ये उडी. हे जिथे जिथे आहे तिथे लाल खूण करा, कारण सीमध्ये असं केलं की स्टॅकची वाट लागते. तिथे परत येणाऱ्या प्रत्येक फंक्शनला 'रद्द झालं' हे उत्तर देता आलं पाहिजे.

कॉलच्या लगेच खाली मजकूर. छपाईच्या कॉलखालीच अक्षरं ठेवलेली असतात, आणि सबरूटीन परतीचा पत्ता डीपीटीआर या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये उचलून तिथून अक्षरं वाचतं, मग अक्षरं संपतात तिथे उडी मारतं. वाचताना पहिल्यांदा डोकं गरगरतं, पण सीमध्ये ही नुसती स्ट्रिंग आहे.

आणि शून्याचा डीजेएनझेड. ही सूचना आधी एक वजा करते आणि मग शून्य आहे का ते पाहते. मोजणी शून्यावरून सुरू झाली तर लूप २५६ वेळा फिरतो. सीमधला साधा व्हाइल लूप शून्य वेळा फिरेल. जुन्या लेखकाने २५६ हवेत म्हणून मुद्दाम शून्य टाकलंय, की कधीतरी चुकून शून्य येतं आणि यंत्र क्षणभर अडकतं? प्रत्येक ठिकाणी ठरवा आणि शेजारी लिहून ठेवा.

## ६. पहिलं सी फंक्शन, सर्वात बिनमहत्त्वाचं

सगळं एकदम सीमध्ये लिहायचं नाही. जुना असेंब्लीचा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि त्याच्यातून एक सी फंक्शन बोलवायचं. पहिलं फंक्शन असं निवडा की ते चुकलं तरी लगेच दिसावं आणि नुकसान होऊ नये. मी सिरियल ओळीचा चेकसम (ओळ नीट पोचली का हे तपासायची बाइटांची बेरीज) घेतो.

इथे देवाणघेवाणीचे नियम पाठ हवेत. केलमध्ये पहिला एक बाइटचा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) आर७ मध्ये जातो, दोन बाइटचा आर६-आर७ मध्ये, चार बाइटचा आर४ ते आर७ मध्ये. उत्तरही तिथेच येतं, बिट असेल तर कॅरीत. रजिस्टरमधून आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनच्या नावाआधी अंडरस्कोर लागतो. एसडीसीसीमध्ये पहिला आर्ग्युमेंट आणि उत्तर डीपीएल, डीपीएच, बी आणि अॅक्युम्युलेटर या क्रमाने जातं. दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका.

सावधान: केलचं सी फंक्शन आर० ते आर७, अॅक्युम्युलेटर, बी, डीपीटीआर, सगळं बिनदिक्कत वापरतं आणि जुन्या किमती परत ठेवत नाही. असेंब्लीचा लेखक आर३ मध्ये लूपची मोजणी ठेवून निवांत असतो, कारण त्याला माहीत असतं की आपलं चेकसम सबरूटीन आर३ ला हात लावत नाही. सीला ते माहीत नाही. कॉल करण्याआधी लागणारी रजिस्टरं पुश करा, नंतर पॉप करा.

## ७. आधी पानं, मग फांद्या

ज्या सबरूटीनमधून पुढे कुणाला कॉल जात नाही, ती आधी. माझा क्रम असा: चेकसम, आकडे अक्षरांत बदलणं, गोलाई, कॅलिब्रेशनचं गणित, ईईप्रॉम, बटणं, मेनू, आणि शेवटी इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच चालणारा कोड) आणि एचएक्स७११ चं वाचन. एका वेळी एकच फंक्शन. ते झालं की पायरी ३ च्या नोंदी चालवायच्या, गिटमध्ये टाकायचं, मगच पुढचं.

ही शुद्ध गणिताची फंक्शन्स लॅपटॉपवरही कंपाइल होतील अशी लिहा, म्हणजे हजारो नोंदी काही सेकंदांत तपासता येतात. मात्र ८०५१ वर इंट १६ बिटचा असतो, लॅपटॉपवर ३२ बिटचा. इथे बरोबर आलेलं उत्तर तिथे चुकू शकतं. रुंदी नावातच असलेले प्रकार वापरा: यूइंट८, इंट१६, इंट३२. एसडीसीसी मोठ्या आकड्याचा खालचा बाइट आधी ठेवतो, केल वरचा आधी. २४सी०२ मध्ये जुन्या कोडने लिहिलेलं कॅलिब्रेशन वाचताना हे भान हवं. तिथे बाइट एकेक करून वाचा आणि शिफ्ट करून जोडा, स्ट्रक्चर थेट उतरवू नका. जुना लेखक डीए ए ही सूचना वापरून बीसीडीत (दर दशमान अंकाला चार बिट) काम करत असेल तर ईईप्रॉममध्येही बीसीडीच आहे. फॉरमॅट बदलू नका: बाजारातल्या यंत्रात नवी चिप घातली की जुनं कॅलिब्रेशन वाचता आलंच पाहिजे.

आता तीन सापळे जरा सविस्तर.

पहिला, वाढलेली रुंदी. असेंब्लीत ८ बिटची वजाबाकी ८ बिटच राहते. टाइम टिक आत्ता ३ आहे, सुरुवात २५० ला झाली होती, ३ वजा २५० म्हणजे ८ बिटमध्ये ९. बरोबर, नऊ टिक गेले. सीमध्ये दोन्ही बाजू आधी इंट होतात आणि उत्तर उणे २४७ येतं. 'पाच टिक झाले का' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मिळतं. दर २५६ टिकमध्ये काही क्षणच हे घडतं, म्हणून टेबलावर दिसत नाही, गिऱ्हाइकाकडे दिसतं. वजाबाकीचं उत्तर पुन्हा यूइंट८ मध्ये कास्ट करा. चेकसमलाही तेच: ८ बिटमध्ये ३०० म्हणजे ४४ च, पण सीच्या इंटमध्ये ३०० आणि ४४ सारखे नसतात.

दुसरा, मावत नाही तो गुणाकार. जुना कोड २४ बिटचा आकडा १६ बिटच्या गुणकाने गुणतो आणि ४० बिटचं उत्तर ठेवतो. केलचा लाँग ३२ बिटचा. कच्चा आकडा ८,००,००० आणि गुणक १२,५०० घ्या: उत्तर १,००० कोटी. ३२ बिटमध्ये मावतं ४२९ कोटींच्या आसपास. उरलेलं गुपचूप गळून जातं, कंपायलर एक शब्द बोलत नाही. खालचे चार बिट आधीच सोडून दिले तर या उदाहरणात मावतं, पण सर्वात मोठ्या कच्च्या आकड्यावर पुन्हा हिशेब करा, शिवाय पायरीच्या काठावरचे काही आकडे जुन्याशी जुळणार नाहीत. माझं मत विचाराल तर हा गुणाकार असेंब्लीतच राहू द्या. चाळीस ओळींचं, कधी न बदलणारं, नोंदींनी तपासलेलं सबरूटीन सीमधून बोलवण्यात काही कमीपणा नाही.

तिसरा, 'फ्लोट वापरतो, सोपं पडेल.' पडणार नाही. लायब्ररी फ्लॅश खाते आणि गोलाई जुन्याशी जुळत नाही. प्रिंटएफलाही इथे थारा नको.

मेनूबद्दल एक सूचना. असेंब्लीतला मेनू म्हणजे उड्यांचं जाळं असतं. तो लेबलला लेबल, गोटूला गोटू असा उतरवलात तर जुन्यापेक्षा वाईट कोड तयार होईल. पायरी २ च्या वहीवरून अवस्थांची यादी करा आणि स्विचने नव्याने लिहा. फंक्शन पॉइंटरचं टेबल मोह घालतं, पण केलचा लिंकर कोण कुणाला बोलावतं ते पाहून लोकल व्हेरिएबल्स एकमेकांच्या जागेवर बसवतो. पॉइंटरमधून गेलेला कॉल त्याला नीट समजला नाही की दोन फंक्शन्स एकमेकांचा डेटा तुडवतात.

तपासणी: सी फाइलमध्ये टेंप१, फ्लॅग२, आर३ अशी नावं दिसली तर ती सीच्या लिपीत लिहिलेली असेंब्लीच आहे. हाताळायला ती पहिल्याइतकीच अवघड. थांबा आणि नावं बदला.

## ८. इंटरप्ट आणि वेळ

इथवर आलात तर उरलेला कोड थोडा आहे, पण निम्मे रात्रीचे दिवे याच भागासाठी जळतात.

जुन्या कोडमधला वेळ सूचना मोजून काढलेला असतो. ११.०५९२ मेगाहर्ट्झवर एक मशीन सायकल १.०८५ मायक्रोसेकंदांची, डीजेएनझेडला दोन सायकल, म्हणजे २५० वेळा फिरणारा लूप ५४२ मायक्रोसेकंद घेतो. सीमधल्या रिकाम्या लूपला असा अर्थ नाही: कंपायलरची सेटिंग बदलली की वेळ बदलतो. एक टायमर घ्या आणि सगळ्या मोठ्या वेळा त्यावर मोजा. १० मिलिसेकंद म्हणजे नेमके ९,२१६ काउंट, टायमरमध्ये भरायची किंमत ५६,३२०.

इंटरप्ट बदलतो ती प्रत्येक गोष्ट व्होलटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचायची) जाहीर करा. दोन बाइटची असेल तर मुख्य कोडमध्ये वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करून प्रत घ्या. सीमध्ये ती एक ओळ दिसते, चिपला मात्र दोन बाइट दोन वेळा वाचावे लागतात, आणि मधल्या फटीत इंटरप्ट येतो. बंद करण्याआधीची स्थिती जपून ठेवा आणि तीच परत ठेवा, डोळे मिटून चालू करू नका.

इंटरप्टमधून आणि मुख्य कोडमधून एकच फंक्शन बोलावलंत तर केलचा लिंकर एल१५ ही वॉर्निंग देतो. लोक ती वॉर्निंग आहे, एरर नाही, म्हणून पुढे जातात. ती एररच समजा. इंटरप्टसाठी वेगळी रजिस्टर बँक वापरत असाल तर त्यातून बोलावलेलं फंक्शनही त्याच बँकेसाठी कंपाइल झालेलं हवं.

आता एचएक्स७११ ची गोष्ट, कारण यात माझा एक अख्खा आठवडा गेला. या चिपची क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली तर ती झोपी जाते. पिन खाली आली की रीसेट होऊन उठते, आणि १० नमुन्यांच्या वेगावर स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद घेते. जुन्या कोडमध्ये क्लॉक एका सायकलीत वर आणि लगेच खाली यायचा. तेवढ्यातच डिस्प्लेचा इंटरप्ट आला तरी तो ३३ मायक्रोसेकंदांत परत यायचा, काही बिघडायचं नाही. मी डिस्प्लेचा इंटरप्ट सीमध्ये आणला. त्यातून एक नीटनेटकं फंक्शन बोलावलं, कंपायलरने सुरुवातीला झाडून सगळी रजिस्टरं पुश केली, आणि वेळ ऐंशीच्या पुढे गेला. आता इंटरप्ट त्या नेमक्या फटीत सापडला की एचएक्स७११ झोपायची. लक्षण काय, तर तासाभरातून एकदा वजन क्षणभर थिजायचं. मी लोडसेल बदलला, केबल बदलली, सप्लायवर कपॅसिटर लावले. शेवटी ऑसिलोस्कोपवर एक लांबट पल्स दिसला.

उपाय दोन, दोन्ही करा. क्लॉक वर जाण्याआधी इंटरप्ट बंद, खाली आल्याबरोबर चालू. २५ पल्ससाठी सलग बंद ठेवू नका, नाहीतर डिस्प्ले लुकलुकेल. आणि इंटरप्टमधून फंक्शन कॉल काढून टाका: आकड्याचे सेगमेंट मुख्य लूपमध्ये आधीच तयार ठेवा, इंटरप्टने फक्त पोर्टवर टाकायचे.

तपासणी: एक मोकळी पिन इंटरप्टच्या सुरुवातीला वर, शेवटी खाली. स्कोपवर सर्वात लांब पल्स मोजा आणि वहीत लिहा. दर बदलानंतर पुन्हा मोजा.

## ९. मेन फंक्शन आणि स्टार्टअप

आता मुख्य लूप सीमध्ये येतो आणि रीसेटनंतरचा ताबा केलच्या स्टार्टअप फाइलकडे जातो. ती सुरुवातीलाच खालची १२८ बाइट रॅम शून्य करते. जुना कोड वॉचडॉगने (वेळेत खूण मिळाली नाही की चिप रीसेट करणारा टायमर) रीसेट झाल्यावर ५५ आणि एए अशा खुणेचे बाइट तपासून टेअर तसाच ठेवत असेल तर ती सोय इथे मरते. गिऱ्हाईक म्हणतं, 'मधूनच डब्याचं वजन धरायला लागलाय.' एस५२ ला वरची आणखी १२८ बाइट आहेत. जपायच्या गोष्टी तिथे ठरावीक पत्त्यावर ठेवा, आणि स्टॅक तिथवर पोचत नाही ना ते मॅप फाइलमध्ये पाहा.

वॉचडॉगही इथेच तपासा. एस५२ चा वॉचडॉग १६,३८३ मशीन सायकलींत, म्हणजे सुमारे १७.८ मिलिसेकंदांत उडतो. २४सी०२ ला एकदा लिहिल्यावर काही मिलिसेकंद थांबावं लागतं. कॅलिब्रेशन साठवताना अशी दोन-तीन लिखाणं सलग आली की काटा मध्येच रीसेट होतो, अर्धं कॅलिब्रेशन लिहून. प्रत्येक लिखाणानंतर वॉचडॉगला खाऊ घाला, म्हणजे त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. टायमर इंटरप्टमधून मात्र घालू नका. मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो, मग तो पहारेकरी कसला?

## १०. बाकावर दोन काटे, मग बाजारात एक

जुन्या चिपचा एक आणि नव्या चिपचा एक असे दोन इंडिकेटर एकाच कॉम्प्युटरला दोन सिरियल पोर्टवर जोडा. दोन लोडसेल कधी सारखे नसतात, म्हणून दोन्हींचं कॅलिब्रेशन एकाच प्रमाणित वजनावर करून घ्या, आणि एका पायरीपेक्षा जास्त फरक आला की नोंद करणारा छोटा प्रोग्राम लावा. तो आठवडाभर चालू ठेवा, त्यात रात्री वीज घालवा, आणा, परत घालवा.

नंतर पाच यंत्रं ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे. ज्याचं गाव जवळ आहे आणि जो चिडला तरी फोन करतो, असे पाच जण निवडा. प्रत्येक डब्यात जुन्या फर्मवेअरची चिप आणि एक चिमटा ठेवा, आणि डिस्प्लेवर सुरू होताना आवृत्तीचा क्रमांक दिसू द्या, म्हणजे फोनवरच कळतं की समोर कोणता कोड आहे.

पायरी २ मध्ये बाजूला ठेवलेली चुकांची यादी आता उघडायची. एकेक चूक, एकेक आवृत्ती. माझ्या यादीत पहिली होती ती लाइन फीडची. ती मी खोडून टाकली.